लिहून दे म्हणावं

क्षमा : चहा तरी पी. भांडण पुस्तकाचं आहे, चहाशी कायचं वैर?

शेखर : दीदी, मी चहा प्याले नाही आलो. तुमी हे मजाकमध्ये घेऊन राहिल्या. सेठ एकदम गरम आहे. म्हणते, बाजारातून सारी किताब उठवा, नाही तर मानहानीचा दावा ठोकतो.

क्षमा : अन् हे सांगाले त्यानं तुलेच धाडलं? साऱ्या रायपूरच्या वकिलांतून नेमका तोच निवडला, जो माझ्या ऑफिसात काळा कोट घालाले शिकला.

शेखर : त्यानं नाही धाडलं. मीच म्हटलं, सेठजी, नोटीस बाद में, पहले मुझे जाने दीजिए. घरचीच गोष्ट आहे. रविवारी निवांत बोलून येतो.

क्षमा : मग बोल. काय पाहिजे त्याले?

शेखर : दोन रस्ते आहेत. एक तर किताब वापस घ्या. नाही तर पुढच्या छपाईत शेवट बदला. कारखान्याची मालकीण दोषी नाही, तो हादसा होता, बस. हिंदी अनुवादाच्या प्रकाशकाशी सेठ स्वतः बोलून घेईल.

क्षमा : शेवट बदलू? शेखर, ‘मुका भोंगा’ हे माझं चौथं पुस्तक. खून कोणी केला ते बदलून टाका, असं आजपर्यंत मले वाचकानंही नाही सांगितलं. आता काय खुन्याचं ऐकून लिहू?

शेखर : पाहा, हेच! तुमी वकिली सोडली तेव्हा बाररूममध्ये आमी म्हटलं होतं, चला, आता दीदी शांत होतील. घरी बसून कहाण्या लिहितील.

क्षमा : लिहूनच तर राहिली. कोर्टात दर वाक्याले कोणी ना कोणी उठून आडवं येत होतं. इथं माझ्या टेबलापाशी कोणी ऑब्जेक्शन घेत नाही. तू पहिलाच.

शेखर : मी तुमच्या भल्यासाठी आलो.

क्षमा : माहीत आहे मले. म्हणून तर बसवून ठेवलं. वाचलं का तू पुस्तक?

शेखर : वाचलं. हिंदीतलं.

क्षमा : मग सांग. काय आहे त्यात?

शेखर : आता तुमची कहाणी तुमालेच सांगू?

क्षमा : सांग ना. दावा ठोकाचा तर फिर्याद तोंडपाठ पाहिजे.

शेखर : नदीकाठी एक कागदाची मिल. मालकीण विधवा. दोन मजूर टाकीत सफाईले उतरतात अन् गॅसनं मरतात. गॅस वाढला की भोंगा वाजाले पाहिजे. कोर्ट म्हणते, वाजला होता, शिफ्टच्या इन्चार्जनं दुर्लक्ष केलं. त्याले सजा होते. मग वकीलबाई शोधून काढते की भोंगा वाजलाच नव्हता. बाहेरचे खरेदीदार येणार होते, त्यायच्यासमोर भलत्या वेळी वाजू नये म्हणून मालकिणीनं तार कापून ठेवाले लावली होती. अन् पोलीस येण्याच्या आधी ती परत जोडून घेतली.

क्षमा : बरं. आता तुझ्या सेठचं सांग.

शेखर : दीदी, तुमाले माहीत नाही का? ती केस तर तुमीच लढल्या. यशदीप तुमचाच अशील होता.

क्षमा : तुझ्या तोंडून ऐकू दे.

शेखर : सिलतऱ्यात सेठचा स्पंज आयर्नचा, म्हणजे कच्च्या लोखंडाचा प्लांट. दोन मजूर गॅसनं मेले. शिफ्ट इन्चार्ज यशदीपले सजा झाली, तो जमानतवर बाहेर आहे, अपील सेशन्स कोर्टात पडून आहे. सारं शहर ओळखते, दीदी. सेठच्या सुनेनंच किताब घरी आणली. जेवता-जेवता विचारून बसली, पापाजी, ये अपने प्लांट की कहानी है क्या? सेठच्या हातातला घास हातातच राहिला.

क्षमा : सून हुशार आहे.

शेखर : तेच तर सांगून राहिलो. लोक जोडतात.

क्षमा : जोडू दे. माझ्या गोष्टीत मिल कागदाची आहे, मालक बाईमाणूस आहे, गावाले नावही नाही. दोन मजूर मेले अन् इन्चार्जले सजा झाली, एवढं तर अखबारातही आलं होतं. त्यावर कोणाची मालकी नाही. खरं सांग, त्याले टोचलं काय?

शेखर : ती तार.

क्षमा : तार?

शेखर : हव. तार कापली अन् जोडली, तो सारा भाग. त्याच्यावरच अडून बसला. म्हणते, बाकी जाने दो, पर वो तार वाली बात उसको बताई किसने?

क्षमा : काय म्हणाला?

शेखर : म्हटलं ना, तार वाली बात...

क्षमा : नाही, त्याचेच शब्द सांग. ‘हे खोटं आहे’ असं म्हणाला, का ‘किसने बताई’ म्हणाला?

शेखर : दीदी, तुमी तर माझी उलटतपासणी घेऊन राहिल्या.

क्षमा : हव, घेऊन राहिली. उत्तर दे.

शेखर : ...किसने बताई, म्हणाला.

क्षमा : तू त्या केसची फाईल वाचली?

शेखर : त्याचं काम घेतलं तेव्हा वाचली. पूरी.

क्षमा : चार्जशीटमध्ये तारेचा शब्द आहे?

शेखर : नाही.

क्षमा : कोण्या साक्षीत?

शेखर : नाही. पोलिसांनी बटन दाबलं, सायरन वाजला, पंचनामा झाला. बस.

क्षमा : मग जी गोष्ट साऱ्या फाईलमध्ये नाही, ती मी बनवली. अन् बनवलेली गोष्ट वाचून तुझा सेठ विचारते, हिले सांगितलं कोणी?

शेखर : तुमी... बनवली? कोणीच नाही सांगितलं?

क्षमा : कोण सांगणार? आपल्याले ठाऊकच होतं काय? यशदीप सुरुवातीपासून म्हणे, मॅडम, सायरन नाही वाजला. पोलीस म्हणत, आमच्यासमोर वाजला. मी म्हटलं, दोघंही खरं बोलत असतील तर मधात काय घडलं पाहिजे? हा सवाल मी कोर्टात टाकला, तर मले जजकडून ऐकावं लागलं, मॅडम, कल्पना मत कीजिए. ठीक. मग घरी आली अन् कल्पनाच केली. मन लावून.

शेखर : पण मग लोकेशनं नाही...

क्षमा : कोण लोकेश?

शेखर : काही नाही. जाऊ द्या.

क्षमा : शेखर, कोण लोकेश?

शेखर : प्लांटचा इलेक्ट्रिशियन. सेठनं त्याले मागच्या हप्त्यात गेटवरूनच हाकलला. त्याले वाटलं, यानंच तुमच्यापाशी तोंड उघडलं.

क्षमा : मी तर या माणसाचं नाव आज पहिल्यांदा ऐकून राहिली. तुझ्या तोंडून.

शेखर : हे राम. दीदी, मी हे बोललोच नाही.

क्षमा : बोलला.

शेखर : माझी सनद जाईल! अशिलाची गोष्ट मी तुमच्या बैठकीत बसून...

क्षमा : घाबरू नको. अशिलाचं बोलणं वकिलाच्या पोटात राहिलं पाहिजे, हे मीच शिकवलं तुले. मी तुले साक्षीले बोलावणार नाही. सेठ तुझ्यापाशी काय म्हणाला, ते माझ्याकडून कुठंच जाणार नाही. पण एका कामगाराले गेटवरून हाकललं, हे काय तिजोरीतलं गुपित आहे? त्या गेटवर शंभर लोक उभे असतील. ते मी माझी विचारून घेते.

शेखर : नका, दीदी. सेठले तुमी ओळखत नाही. वर्षानुवर्षं दाव्यात फिरवेल. दुर्ग, बिलासपूर, दिल्ली, जिथं मनात येईल तिथं केस टाकेल. तुमचा प्रकाशक दोन तारखांत हात वर करेल. तुमी एकट्या पडाल.

क्षमा : मी एकटीच होती रे. कोर्टात ज्या दिवशी निकाल लागला, यशदीपची बायको माझ्याकडं पाहत होती अन् माझ्यापाशी तिले द्याले एक शब्द नव्हता. त्या दिवसापेक्षा एकटं काय असते?

शेखर : म्हणून तर वकिली सोडली ना तुमी. मग आता काहून परत त्याच आगीत?

क्षमा : थकून सोडली, असं तुमी बाररूममध्ये ठरवलं. मले कोणी विचारलं नाही. मी सोडली कारण तिथं मले जे विचाराचं होतं ते विचारू देत नव्हते. आता मी विचारते अन् लोक पैसे देऊन वाचतात. सेठची सूनही वाचते.

शेखर : मग मी सेठले काय सांगू?

क्षमा : सांग, नोटीस पाठव.

शेखर : काय?

क्षमा : पाठव म्हणावं. पण नोटीस म्हटली की लिहावं लागते, की पुस्तकातली मिल म्हणजे आमचा प्लांट, अन् मालकीण म्हणजे मी. लिहून दे म्हणावं. ज्या कारखान्यात भोंग्याची तार कापली, तो माझाच कारखाना म्हणून लोकांनी ओळखला, असं सही करून दे. ते मी यशदीपच्या वकिलाच्या हातात ठेवते. अपिलात नवा पुरावा घेता येते, हे तुले सांगाची गरज नाही.

शेखर : ...तुमी हे सारं आधीच ठरवून लिहिलं होतं?

क्षमा : नाही रे बाप्पा. एवढी हुशार असती तर केस नसती का जिंकली? आत्ता तू बोलला तेव्हा दिसलं.

शेखर : नोटीस मी नाही पाठवणार. हे काम मी त्याले वापस करतो.

क्षमा : तुझं तू पाहा. तुझी पोट्टी कॉलेजात आहे, सेठचं काम मोठं आहे. मी तुले सोड म्हणत नाही.

शेखर : तुमी म्हणत नाही, तेच तर वाईट आहे. अन् दुसरा वकील मिळायले त्याले संध्याकाळही नाही लागणार.

क्षमा : मिळू दे. त्यालेही मी चहा देईन.

शेखर : निघतो, दीदी. अन्... मी वकील म्हणून काही बोलून नाही राहिलो. पण नोकरी गेलेल्या घाबरलेल्या माणसाले कोणी आधी गाठलं, यावर पुष्कळ अवलंबून असते. उद्यावर नका टाकू.

(शेखर गेल्यावर. क्षमा फोनवर.)

क्षमा : यशदीप, क्षमा मॅडम बोलून राहिली. भनपुरीलेच आहे ना?

यशदीप : हव मॅडम, घरीच. आता ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लागलो, ते रविवारी बंद असते. तब्येत बरी आहे ना तुमची?

क्षमा : बरी आहे. मले एक सांग. प्लांटमध्ये लोकेश नावाचा इलेक्ट्रिशियन होता?

यशदीप : होता. साधा माणूस. काहून?

क्षमा : ज्या दिवशी ते दोघं गेले, त्या दिवशी तो ड्युटीवर होता?

यशदीप : नाही... सुट्टीवर होता तो. पण मॅडम, नंतर दिसला होता. सेठची गाडी त्याले घेऊन आली. मले वाटलं, लाईट बंद कराची असेल.

क्षमा : पोलीस येण्याच्या आधी का नंतर?

यशदीप : आधी. मी तेव्हा खालीच बसून होतो. दोघायलेही मीच बाहेर काढलं होतं. एकाचा हात माझ्या हातातच होता. कोण आलं, कोण गेलं, मले कायचंच भान नव्हतं, मॅडम. तुमी आज विचारलं तेव्हा आठवलं.

क्षमा : मी तेव्हाच विचाराले पाहिजे होतं. असो. ऐक. मी अन् तुझा वकील आजच त्याच्या घरी जाऊन राहिलो.

यशदीप : मीही येतो. त्याचा मोहल्ला मले माहीत आहे.

क्षमा : तू अजिबात यायचं नाही. पत्ता सांग, पण त्याच्या सावलीलेही उभा राहू नको. आरोपी साक्षीदारापाशी दिसला की सारं मातीत जाते. समजलं?

यशदीप : हव.

क्षमा : अन् आधीच सांगते, तो बोलेल याची खात्री नाही. बोलला तरी कोर्ट मानेल, याचीही नाही.

यशदीप : मॅडम, म्हणजे... सायरन नाही वाजला, हे आता तुमालेही पटलं?

क्षमा : मले पहिल्या दिवसापासून पटलं होतं. आता तो काहून नाही वाजला, ते कळलं.





यशदीप : मॅडम, एक विचारू? माझे बाबा रेल्वेत होते. त्यायचं म्हणणं, कोर्टानं सांगितलं ते सांगितलं. निकाल लागला तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. एका घरात राहतो, पाणीही सुनेकडून मागतात. आता बाजूच्याच खोलीत आहेत. तुमी त्यायले सांगता का?

क्षमा : अरे, मले अजून सिद्ध कराचं आहे.

यशदीप : सिद्ध कोर्टात करा, मॅडम. बाबाले फक्त सांगा.

क्षमा : दे त्यायच्यापाशी फोन.