बिघाडाची वही

मालू : रस्ट म्हंजे जंग. क्रॅक म्हंजे दरार. लीकेज म्हंजे टपकना?

हमीदा : रिसना. टपकना म्हणजे थेंब थेंब. तुझा नळ नेमकं काय करतो?

मालू : काय नाय करत, बाजी. बरा हाय.

हमीदा : मग महिनाभर माझ्या उर्दू शाळेतली ही वही कशाला घोकतेस? घरात काय मोडलंय ते तुझ्या लेकाला, परेशला, कळवायचं म्हणाली होतीस ना?

मालू : "जेवलास का" लिवलं का दोन निळ्या रेघा, संपला इषय. "बाथरूम लीकेज" लिवलं का दुबईवरनं पाच मिनटांत फोन. फ्लॅट तेच्या नावावर हाय ना!

हमीदा : मराठीत लिहायचंस.

मालू : इंग्रजीत असलं का जसंच्या तसं सोसायटीला ढकलता येतं, बोलतो.

हमीदा : आणि सोसायटीचा प्लंबर येतो तो?

मालू : चाय पिऊन जातो बिचारा.

हमीदा : बदमाश! किती फोन उकळलेस असे?

मालू : सात. क्रॅकचा सगल्यात मोठा, अकरा मिनटं. शेवटाला इचारलान, खोकतेस का गं?

हमीदा : आज काय मोडायचं मग?

मालू : काल तुज्या वहीतला शेवटचा शब्द पाठवला. डिलॅपिडेटेड.

हमीदा : खस्ताहाल? अगं, म्हणजे अख्खं घर कामातून गेलं! फोन आला?

मालू : नाय. इंग्रजीत लिवलंय कायतरी. मना वाचता नाय आलं. तू बघ.

हमीदा : (चष्मा लावून, मराठी करून सांगत) "आई, इतकं बिघडत असेल तर विकून टाकू. रविवारी गिऱ्हाईक बघायला येईल. तू शिरढोणला काशीराममामाकडे राहा."

मालू : परत वाच.

हमीदा : तेच आहे गं. आत्ताच्या आत्ता लिही, काही बिघडलेलं नाही.

मालू : मग फोन कशापायी करल तो?

हमीदा : आणि घर गेल्यावर कशापायी करेल?

मालू : …बऱ्याला काय बोलतात इंग्रजीत?

हमीदा : बऱ्याचे शब्द या वहीत नाहीत. नथिंग ब्रोकन. ऑल ओके.

मालू : एकेक अक्षर सांग. मी दाबते.

हमीदा : …हं. आता पाठव.

मालू : गेला.

हमीदा : बघितलं त्यानं?

मालू : दोन निळ्या रेघा.

हमीदा : थांब जरा. पाच मिनटं तर होऊ दे.

मालू : धा झाली, बाजी. जाते. उद्या वही घेऊन येऊ ना?

हमीदा : वही राहू दे. नुसती ये.