बारवेतली मखमल

तितं नका, बाई, तितं नका पाय ठिवू — ते खालचं हिरवं दिसतंय ना, पान्याच्या काठाचं, ते लई बुळबुळीत हाय — तुमीच सांगितलं हुतं की मला, इसरलात व्हय? ह्या अंगाला या. ह्या पायरीवर. हां, हितं बिनघोर उभ्या ऱ्हावा, हे पायाला धरून ठिवतंय. मी गोजरा. वळखलं न्हाई? कसं वळखाल म्हना, गेल्या भादव्यात तुमी आला तवा तोंड दगडाला अन् पाठ माझ्याकडं — भिंग लावून असं वाकला हुता की मला वाटलं, ही पुन्याच्या कालिजातली मास्तरीन, शिकून शिकून हिचं डोकं फिरलं. हसता काय, खरंच वाटलं हुतं. मी घागर घेऊन हितंच उभी. मग तुमी हाताला धरून मला खाली बसवलं, भिंग माझ्या डोळ्याला लावलं, म्हनला, बघा, मावशी. आन म्या बघितलं. तिसगावास्नं चालतच आलात आज बी? सर्व्हिस मोटार तितंच सोडती, काय करनार.

मला घाई? न्हाई, मला कसली घाई. घरी पाव्हनं आल्यात, ओसरीवर पानाचा डबा मदी घेऊन बसल्यात — बसू द्या. त्यास्नी गुळाचा च्या झालाय. साखर कुटनं आनायची, लढाई संपली तरी कंट्रोल हायच. प्यायचं पानी आनते म्हनून मी खाली आले, तर तुमी दिसलात. बरं झालं. तुमाला काय काय न्यायचंय ते सांगा, मी दावते. ध्यानात हाय माझ्या सगळं, तुमीच शिकवलेलं. गावाला काय, हिरवं दिसलं की शेवाळ — पन तुमी म्हनला, न्हाई, त्यात जाती हायत. पैलं बघायचं पानं हायत का. खालच्याला पानं न्हाईत, मुळं न्हाईत, नख लावलं की बोटाला लगदा येतो — ते खरं शेवाळ, ते तुमाला नगं हुतं. ते तिकडं सावलीला पसरलंय, चपटं, पालीच्या कातड्यावानी — ते येगळं, त्याची येगळी पुडी केली हुती तुमी. वरल्या कठड्यावर करडं हाय ते तर दगडफूल, ते आमी मसाल्यात घालतो, त्याला भिंग कशाला लागतंय! आन हे. हे वळनावरच्या पायरीवरचं. मखमल. तुमी काय तरी लांबलचक नाव घेतलं हुतं, माझ्या तोंडात बसलं न्हाई, मी आपली मखमलच म्हनते. भिंगातनं बघितलं तर निसती बारकी बारकी झाडं, एकाला एक खेटून, जवारीच्या रानावानी दाट — आन खालनं केसासारखं धागं दगडाला धरलेलं. उन्हाळ्यात वाळून काळं पडतं, मेलं म्हनावं, तर वर पानी शिंपडलं की डोळ्यादेखत उघडतं. म्या करून बघितलं. लई येळा केलं. दुसरं काय करू?

हात नका लावू तितं — म्हंजे लावा, तुमाला पायजे तर लावा, पन आदी बघा. ही तळहाताएवढी उघडी जागा दिसतीया? ही तुमचीच. गेल्या साली तुमी सुरीनं खरवडलं त्याची. बारा महिनं हुन गेलं, एक अख्खा पावसाळा झाला, तरी भरली न्हाई. तुमी तवाच म्हनला हुता — मावशी, हे लई सावकास वाढतं, एकदा निघालं की दोन-चार सालं जागा तशीच ऱ्हाती, पाय जोरात घासला तरी पापुद्रा निघून दगड दिसतो. म्हनला हुता ना? तुमी आपलं सहज बोलून गेला. मी घागर उचलून घरी गेले, भाकरी थापाय बसले, आन तव्यावर भाकरी जळाय लागली तरी मला उलटायचं सुचंना.

का म्हंजे? तुमाला कुनी सांगितलं न्हाई? मी बी न्हाई सांगितलं, खरं हाय. माझी थोरली, चांगुणा — गावातल्या गावातच दिली हुती, त्या पलीकडच्या वस्तीवर, मच्छिंद्राला. गेल्या सरावनात ह्याच बारवेत गेली. तुमी यायच्या आदी थोडे दिस. पानी न्यायला आल्ती, घागर ह्या पायरीवर सापडली आन ती खाली. सगळं गाव म्हनलं, शेवाळावरनं पाय घसरला. दगडाबाई — तिची सासू — ती तर ऊर बडवून सांगत हुती, मी रोज म्हनायची गं, शेवाळ हाय, जपून जा. पाटील आला, त्यानं वरनं वाकून बघितलं, हिरवं दिसलं, म्हनला, व्हय, शेवाळ हाय. झालं. म्या बी तेच म्हनलं. पोरीचा पाय घसरला म्हनायला आईला बी बरं वाटतं, बाई. देवाला दोस देता येतो, पावसाला देता येतो.

मग तुमी आलात. न्हाई न्हाई, तुमचा काय दोस! तुमी आपलं काम करत हुता. पन तुमची सुरी लागायच्या आदी ही पायरी म्या बघितली हुती — ह्या कडंपास्नं त्या कडंपतोर अख्खी मखमल, कुटं नखाएवढा दगड उघडा न्हाई. पाय घसरला असता तर पापुद्रा निघाया नगं? आन तुमी खरवडलं तवा त्यातनं काच निघाली — ध्यानात हाय? तुमी भिंगाखाली धरून बघितली आन मला दिली, मावशी, जपा, कुनाची तरी बांगडी फुटलीया, पायात जाईल. हिरवी, वर पिवळा ठिपका. नागपंचमीला कासार दारात आल्ता तवा तिच्या हातात मीच भरल्या हुत्या त्या. म्या तुमाला काय म्हनलं? बरं म्हनलं आन पदराला गाठ मारली.

रडू? न्हाई, येत न्हाई. तुमी असं बघू नका माझ्याकडं, मला काईच हुत न्हाई. वरीस झालं. जेवते, निंदाय-खुरपाय जाते, कुनी हसलं की हसते. भाकरीसंगं मिरची खाल्ली तरी तोंड भाजत न्हाई — हे बरं का वाईट, ते बी कळत न्हाई. तिला कुनी ढकललं का तिनंच उडी घेतली? मी इचारत न्हाई. दोन्हीचा अर्थ एकच हाय — त्या घरात पोरगी देऊ नये.

आन आज सुपारी फुटायची हाय. हां, तेच पाव्हनं. मच्छिंद्र, त्याचा चुलता, दोन भावकीतलं. माझी धाकटी, मालन, तिला मागत्यात. आमच्यात तसंच करत्यात, बाई, थोरली गेली की धाकटी त्याच घरात. चांगुणेचं लेकरू हाय ना तितं, आता कुटं पाय टाकाय लागलंय — परक्या सावत्र आईच्या हातात देन्यापरीस मावशी बरी, असं सगळे म्हनत्यात, आन त्यात खोटं काय हाय? माझा बी त्या लेकरावर जीव हाय की. मालनचा बाप तर सोनाराकडनं टाक बी घेऊन आला. चांदीचा, बारका, करंगळीच्या नखाएवढा. त्यावर बाईचं चित्र काढलंय — ती म्हनं चांगुणा. दुसरी बायकू आली की पैलीचा टाक तिच्या गळ्यात घालत्यात, म्हंजे मेलेली तरास देत न्हाई. मालनच्या गळ्यात चांगुणा घालायची. काल रातच्याला मालननं तो हातात घेऊन बघितला आन म्हनली, आई, ही अक्कासारखी दिसत न्हाई गं. म्या म्हनलं, झोप.

सांगितलं की मालनच्या बापाला, सांगितलं न्हाई असं कसं हुईल? सगळं सांगितलं — पानं असलेलं कुटलं, बिनपानाचं कुटलं, पाय कशावरनं जातो, कशावरनं जात न्हाई, काच दावली. त्यानं सगळं ऐकून घेतलं. वाईट मानूस न्हाई तो. म्हनला, गोजरे, काच कवाची बी असंल, रोज धा बाया येत्यात पान्याला. आन शेवाळावरनं कुनाचा न्याय करायचा का आपन? हसतील लोकं. उठून गोठ्यात गेला. त्याला बी कळलंय, बाई. कळलं म्हनूनच गेला.

तुमी याल वर? माझ्यासंगं? शिकल्या-सवरल्या बाईचं ऐकतील. निसतं एवढंच म्हनायचं — ह्या मखमलीवरनं पाय जात न्हाई. बाकी काई म्हनू नका, कुनाचं नाव घेऊ नका. … काय? … हां. ओल्यात कशावरनं बी पाय जाऊ शकतो. छातीवर हात ठिवून सांगता येत न्हाई. व्हय, बरोबर हाय तुमचं. शास्त्र हाय ते, खोटं कसं बोलाल. न्हाई, मला राग न्हाई आला, म्या म्हनलं ना, मला काईच हुत न्हाई. पुडी बांधा तुमी, दोरा निसटतोय.

बसा जरा. मी बी बसते. घागर? ऱ्हाऊ द्या रिकामी. आमच्यात पोरीच्या आईनं पाव्हन्यांफुडं पान्याचा तांब्या ठिवल्याबगर सुपारी फुटत न्हाई. बाप सगळं करतो, बोलनी करतो, टाक आनतो, पन तांब्या आईनंच ठिवायचा. मंग मी हितंच बसले तर? आज पुनव. दिस मावळला की संपलं — उद्यापास्नं पितरं लागत्यात, पंधरा दिस सुपारीचं नाव कुनी काढत न्हाई. बेलापूरला माझा भाऊ हाय. पंधरा दिसांत मालनला त्याच्याकडं पोचती केली, की मंग मला काय करायचं ते करू द्या. मारतील. मारू द्या. माझ्या हाती एवढंच हाय, बाई, बसून ऱ्हायचं.

… ऐकलं? मलाच हाय ती हाक. मालनचा बाप हाय. तुमी भिंग लावा, बघा तुमचं, तिकडं बघू नका. … आली परत. आता चुलता बी हाक मारतोय. खाली वाकून बघतील तर मी गुमान बसलेली दिसंन. तुमी बोलू नका. बाई, तुमच्या पाया पडते — ओ देऊ नका.