टॅब इचारते, पोरगी लिवते

...अन् आता तर दवाखान्यातला टॅब म्हनते, उदास वाटते का! तुमाले सांगतो, किडनी बदलवली पोरीची, मन कुठं बदलवलं? पायल माही पोरगी, बारा वर्साची, तिच्या मायनं, गीतांजलीनं, सोताची किडनी काढून देल्ली तिले, त्याले झालं वरीस. आता अमरावतीच्या दवाखान्यात तपासनीले गेलं का डॉक्टरच्या आधी हा टॅब हातात. त्याच्यावर तोंडं काढलेली, एक हासरं, एक रडकं, अन् मंधात एक असं, जसा अचलपूरच्या गाडीत जागा न भेटलेला मानूस. सवाल तर कसे, एकदम पुस्तकातले, 'गेल्या सात दिवसांत तुम्हाला किती वेळा एकटे वाटले?' अरे बापा, तुले काय करायचं हाय? सोयरीक जमवून राहिला का? अन् मले एकच सांगा, हे सारं जाते कुठं?

मी एसटीत कंडक्टर. पास कोनाचा खरा अन् झोपेचं सोंग कोन घेऊन राहिलं, हे मले मागच्या सीटपासून समजते. असा मानूस या टॅबवर भरोसा ठेवीन? आज बटन दाबलं, उद्या कोन्या कंपनीचा फोन, परवा आमच्या साऱ्या राजापेठले मालूम, अन् पोरीच्या लग्नात कोनीतरी उठून म्हनन, ही तर सातव्या वर्गात उदास होती...

म्हनून मीच भरो. भूक? चांगली. झोप? चांगली. 'हात थरथरतात का?' कधीच नाही. वरपासून खालपर्यंत हासरी तोंडं, काम खतम. गीतांजली म्हने, तिले तर इचारा. म्हनलं, तिलेच तर इचारतो मी दिवसभर! उठली का कसं वाटते, जेवली का कसं वाटते, बाथरूमातून निघाली का कसं वाटते, ड्युटीवरून फोन करून कसं वाटते... 'बरं वाटते बाबा.' मंग? पोरगी मले सांगते ना, मंग टॅबले काहून सांगावं? सांगतलं, तर जाते कुठं ते?

तर मांगच्या खेपेले प्राजक्ता सिस्टरनं पकडलं मले. म्हने, "भाऊ, टॅब पायलजवळ द्या अन् तुमी बाहेर बसा." म्हनलं, बाप हाय मी तिचा. म्हने, "किडनी तर तिची हाय." आता गीतांजलीची हाय म्हनलं असतं, पन गीतांजली बाजूलेच उभी होती...

बसलो बाहेर. काचातून पाहून राहिलो. पोरगी लिवतेच हाय, लिवतेच हाय. एवढं काय असते लिवाले? सारं बरं असन तर मानूस चटकन उठते ना! मले वाटलं, घुसावं अन् घ्यावा हिसकून. सिस्टर दारातच उभी.

अन् ते सारं गेलं कुठं, तर सरळ डॉक्टरीनबाईच्या टेबलावर. आमाले आत बलावलं. बाई पायलले म्हने, हात समोर धर. पोरीनं धरले. तुमाले सांगतो... बोटं अशी हालून राहिली होती, जशी खराब रस्त्यावर आपल्या गाडीची काच. लय दिवसापासून चालू होतं. वर्गात फळ्यावरचं उतरवता येत नव्हतं तिले. माह्यासमोर हात मांडीखाली दाबून बसे, अन् मी म्हनो, पोरीले थंडी वाजते.

रक्त काढलं. अंगानं नवी किडनी नाकारू नये म्हनून ज्या गोळ्या देतेत ना, त्याच अंगात जास्त होऊन राहिल्या होत्या, म्हनून हात थरथरत. बाई म्हने, असंच चाललं असतं तर किडनीलेच धोका होता. गीतांजलीचा हात हळूच कमरेवर गेला, टाके हाय तिथं.

मी पायलले इचारलं, "मले काहून नाही सांगतलं?"

खाली पाहून म्हने, "तुमी शाळा बंद केली असती बाबा."

केली असती. तुमाले कायले खोटं सांगू.

गोळी कमी केली. आता हात थांबले, वही भरून लिवते. मानलं, टॅबनं पोरगी वाचवली, पन भरोसा अजूनबी नाही माहा, काहून का त्याच्यात शेवटी एक मोकळा चौकोन हाय, 'तुम्हाला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो?' म्हनलं, लिवलं असन सुईचं, नाहीतर पथ्याचं. अन् त्याच दिवशी डॉक्टरीनबाईनं सिस्टरसमोर, माह्या बायकोसमोर, मोठ्यानं वाचलं: 'बाबा सारखे विचारतात, कसं वाटते.'

सिस्टर तोंड फिरवून हासली. गीतांजली तर तोंड न फिरवताच हासली. बाईनं गुमान चिठ्ठी लिवली अन् माह्या हातात देल्ली. गोळ्या दिवसातून दोनदा. बाप दिवसातून एकदा.

आजचा माहा डोस सकाळीच होऊन गेला. म्हनून तर बसलो तुमच्यापाशी.