माझा कंदील आणि सायलीची आई

बारा वर्षं मी मुलांना कागदकाम शिकवतेय, पण परवा माझीच जिरली. ऐका.

निफाडजवळच्या एका शाळेत रद्दीच्या पेपरचे कंदील करायला गेले होते. अकराला पालक बघायला येणार आणि साडेदहाला कळलं, माझी खळ पातळ झालीय. चिकटवलेले कंदील एकेक करून सुटायला लागले. मुलं रडकुंडीला, मी त्यांच्याहून जास्त.

तिसरीतली सायली पुढे आली. "ताई, पिना मारू?"

तिनं स्टेपलर घेतला, पेपर मुठीभोवती गुंडाळला, खटखट दोन पिना मारल्या, झाला कंदील! माझा एक होईपर्यंत तिचे पाच.

"अगं, पण खालून उघडाच राहिला की!"

"उघडाच ठेवायचा ताई. वारा नको जायला? घड सडंल ना."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. द्राक्षांना ऊन लागू नये म्हणून बागेत घडांना पेपर लावतात. तिची आई त्याच कामाला जाते आणि पोरगी नुसतं बघून शिकलेली.

अकराला सगळे कंदील दोरीवर होते. त्यांत मी हौसेनं केलेला एक. सायलीची आई ओळीनं बघत आली आणि नेमकी त्याच्यापाशी थांबली.

"हा कोणी केला गं? दुपारपर्यंत गळून पडंल."

सायलीनं माझ्याकडे पाहिलं आणि आईला हळूच म्हणाली, "ताई नवीन हायेत. शिकतील."