घंटा पोटाखाली गेली

पेण आणि रोह्याच्या मधी आमचं गाव, भाताची शेती, भात निघालं की वाल, बापजाद्यांपासनं तेवढंच. मी धाकटा. थोरल्या दादानं नांगर धरला नि मला म्हणाला तू कंपनीत जा, म्हणून मी कंपनीच्या सायडिंगला लागलो, म्हंजे मेन लाइनपासनं कंपनीत जाणारा रुळांचा फाटा, तिथं रूळ फिरवायचे पॉइंट बदलायचे, डबे जोडायचे नि सोडायचे. इंजिन एकच, लय जुनं डिझेल, कुठनं आणलेलं देव जाणे, पण त्याला घंटा होती. पुढं नाकाडावर, दिव्याच्या वर, देवळात असते तशी पितळेची. डायव्हर दत्ता, आमच्याच आळीतला, माझ्या आयच्या हातची भाकर खाऊन वाढलेला.

आता इंजिनाला घंटा कशाला, तर काय सांगू तुम्हाला, आमच्या शेताच्या एका अंगाला मेन लाइन नि दुसऱ्या अंगाला सायडिंग. मेन लाइनच्या गाड्या दिवसभर भोंगे मारणार, कोण मान वर करील? भोंगा म्हंजे ती लांबची गाडी, घंटा म्हंजे आपलं इंजिन, बाजूला व्हा, हे गावातल्या म्हशींनापण ठावं होतं. दसऱ्याला इंजिनाची पूजा करायचो तर पयला हार घंटेला.

मग नवीन सायब आला. त्याला मोठा दिवा पायजे होता, घंटा आड येते म्हणाला, ती काढून खाली लावली, इंजिनाच्या पोटाखाली, चाकांजवळ. उन्हाळ्यात वाजायची बरी. पाऊस लागला नि चिखल उडून अशी भरली का दोरी ओढली तर नुसती ठक ठक. मी दत्ताला म्हटलं, अरे सायबाला सांग, शेतात माणसं हायत, माझं पॉइंटवाल्याचं कोण ऐकतो, तू डायव्हर. तो म्हणाला सांगितलं मी, उद्या वर लावणार हायत. उद्या गेला, परवा गेला, दत्ता म्हणे सांगितलंय रे, सांगितलंय.

लावणीचे दिवस, दादा रोपांचा भारा डोक्यावर घेऊन रूळ ओलांडत होता. घंटा वाजंना म्हणून दत्तानं भोंगा मारला, दादानं तो ऐकला, ऐकला नाय असं नाय. त्याला वाटलं मेन लाइनची गाडी. आलं आपलंच इंजिन, डावा पाय गुडघ्याखाली तुटून गेला.

चौकशी झाली. मी सांगितलं घंटा वाजत नव्हती. सायब म्हणाला तू भाऊ, तू असंच बोलणार, डायव्हर काय म्हणतो? आणि दत्ता, माझ्याकडं न बघता म्हणाला घंटा खणखणीत वाजते सायेब, तिची तक्रार कधी नव्हतीच, ह्याच्या दादालाच कमी ऐकू येतं. कधी नव्हतीच, म्हणाला. म्हंजे सायबाला सांगितलंच नव्हतं त्यानं, एकदापण. केसानं गळा कापला माझा.

आता सायडिंग बंद हाय, माल ट्रकनं जातो. दत्ता रिटायर झाला, संध्याकाळचा येऊन दादाजवळ ओटीवर बसतो, गप्पा मारतो, दादा त्याला चहा द्यायला लावतो. मी आत जातो. दादाला किती येळा सांगितलं, तुझे कान चांगले होते, घंटाच मुकी होती. तो म्हणतो नाय रे, दत्ता कशाला खोटं बोलंल, माझेच कान गेले. तवापासनं कुणीपण बोललं की कानामागं हात धरतो, आणि आढ्यावर उंदीर पळाला तर पयला त्यालाच कळतो. दत्ता समोर बसून हे बघतो नि चहा पितो.

देवानं दत्ताला लय आयुष्य द्यावं. दादाच्या आधी त्यानं जाऊ नये, एवढंच मागतो मी, तोंड उघडायला येळ मिळावा त्याला.