शेपटीमागचा माणूस

मंडळी, ऐका! नीट बसा. मागच्यांनी भिंत सोडा — भिंत पडायची नाही, तुमच्या पाठीविना तिचं बरं चाललंय!

आज एकच प्रश्न. लहान वस्तू माणसाला धड हाताळता येत नाही, म्हणून तो मोठी आणतो. मग कमी काय पडत होतं? वस्तू? की माणूस?

माना डोलावू नका! इथं बसून माना डोलावता आणि सकाळी दुकानाच्या काचेला नाक लावून उभे राहता. आधी गोष्ट ऐका.

बेलसरे नावाचं गाव. तिथं श्रीपतराव पांचाळ. साखर कारखान्याच्या वर्कशॉपात, लेथवर सगळं आयुष्य गेलं. हात असा सफाईदार की लोखंडाला वाटावं, आपल्याला कुणीतरी गोंजारतंय. निवृत्त झाले. निवृत्त माणसाला काय लागतं? छंद! कुणी वहीत रामनाम लिहितं, कुणी बागेत माती उकरतं. यांना लागला हेलिकॉप्टरचा!

अहो, हसता काय? बसायचं नव्हे, रिमोटचं! बॅटरीवर उडणारं, हातभर लांब, वर दोन पाती गरगर फिरणारी. सकाळी शाळेच्या मैदानात श्रीपतराव उभे, छातीशी रिमोट, आणि यंत्र पुढे डोक्याइतक्या उंचीवर थरथरतंय. फार गोड दिसायचं. मी पाहिलंय!

पण त्यात एक मेख होती. यंत्राची शेपूट आपल्याकडे असली, की त्याचं डावं ते आपलं डावं. सोपं! पण ते वळलं, त्याचं तोंड आपल्याकडे झालं, की? आरशासारखं सगळं उलटं! त्याचा डावा आपल्या उजव्या हाताला. तिथं अंगठा चुकतो आणि यंत्र जमिनीवर येतं.

मग हे तोंडासमोर तोंड धरून उडवायला शिकायचं, हाच या विद्येचा खरा अभ्यास. आणि श्रीपतरावांनी काय केलं? चार वर्षं शिकलेच नाहीत! यंत्र वळायला लागलं, की हे पळत पळत त्याच्या मागे! यंत्र उत्तरेला वळलं, हे दक्षिणेला. यंत्र पूर्वेला, हे पश्चिमेला. शेपूट काही सोडायची नाही! यंत्र कसलं फिरतंय — श्रीपतरावच यंत्राभोवती फिरतायत! मैदानाबाहेरून जाणाऱ्या बायका म्हणायच्या, "पांचाळांचं बरं चाललंय हो, रोज प्रदक्षिणा घालतात."

कसली प्रदक्षिणा! तोंड चुकवत होते!

आता एके दिवशी देवस्थान कमिटीचे बापू सोनटक्के मैदानात आले. हात मागे, पोट पुढे. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "छान आहे हो श्रीपतराव! जत्रेत मिळतं, तसलंच ना हे?"

झालं! माणसाला शिवी द्या, विसरेल. त्याच्या छंदाला खेळणं म्हणा — सात जन्म लक्षात ठेवील!

श्रीपतराव घरी आले. सुलभाकाकू भाकरी थापत होत्या. हे म्हणाले, "मोठं घ्यावं म्हणतो."

"काय मोठं? तवा?"

"हेलिकॉप्टर."

काकूंनी भाकरी उलटली. "लहान्यासोबत पळून धाप लागते. मोठ्याच्या मागं धावायला घोडा घेणार का?"

बायको एका वाक्यात जे सांगते, ते आम्ही बुवा दोन तास पेटी-तबला घेऊन सांगतो, आणि तरी तुम्ही ऐकत नाही. तिचं तरी कुठं ऐकलं? निघाले मिरजेला!

मिरजेत इब्राहिमभाई बागवान. या यंत्रांचा जाणकार. मोडकी विमानं, पाती, मोटरी यांच्या ढिगात बसलेला. श्रीपतराव म्हणाले, "भाई, सगळ्यात मोठं द्या."

भाईंनी चष्मा वर केला. "पांचाळसाहेब, लहान्याचं तोंड आपल्याकडे करून एक बॅटरी संपेपर्यंत जागेवर उभं ठेवता?"

"ते... मोठ्यावर जमेल. मोठं वाऱ्यात जास्त स्थिर असतं म्हणतात."

"असतं. ते स्थिर असतं. आपण?"

बघा! खोटं नव्हतं हो. मोठं यंत्र खरंच स्थिर राहतं. माणूस फसतो तो निव्वळ खोट्यानं नाही. आपल्या सोयीचं अर्धं खरं उचलतो, आणि उरलेलं अर्धं काउंटरवर ठेवून घरी येतो!

"आणि एक," भाई म्हणाले, "लहान पडलं तर पातं तुटतं. हे पडलं तर ज्याच्यावर पडलं त्याचं तुटतं. माणसांवरून न्यायचं नाही. कबूल?"

"कबूल, कबूल!" श्रीपतराव म्हणाले. ऐकलं का? नाही! त्यांचे डोळे पेटीवर होते. पाती केवढी? एकेक पातं काकूंच्या लाटण्याच्या दुप्पट! फिरायला लागलं की अंगणातलं वाळवण शेजारच्या अंगणात!

आता गोष्ट देवळात येते. लक्ष द्या.

बेलसऱ्याच्या राममंदिरात एक रीत आहे. रामनवमीला बरोबर बाराला देवावर फुलांची पहिली ओंजळ पडते, आणि ती पडल्याशिवाय पाळण्याची दोरी कुणी ओढत नाही. ती ओंजळ तान्हूआजी गुरवांची. सासू गेली त्या वर्षापासून, चाळीस वर्षं! पण यंदा गुडघे गेले. म्हातारी रोज देवळाच्या पायरीवर बसून, रामनवमीला उठायचं कसं या चिंतेत.

श्रीपतराव कमिटीपुढे उभे. "यंदा पुष्पवृष्टी आकाशातून! माझ्या यंत्रातून!"

आणि कमिटी काय म्हणाली? नको म्हणेल कमिटी? बापू सोनटक्क्यांनी लगेच फलक रंगवायला टाकला! चाळीस वर्षांची सेवा एका म्हातारीच्या हातातून गेली, आणि तिला विचारलं कुणी? सांगायला मात्र श्रीपतराव स्वतः गेले.

"आजी, यंदा तुम्ही बसून बघायचं."

"बरं बाबा," आजी म्हणाली. "पर फुलं द्येवाच्या अंगावर पडतील न्हवं?"

"आजी, दोन किलो पडतील!"

"दोन किलो कशाला रं? एक पडलं तरी बास."

या वाक्यावर त्या माणसानं जागच्या जागी बसकण मारायला हवी होती! पण नाही. त्याला आकाश दिसत होतं, आजी दिसत नव्हती.

रामनवमी उजाडली. अंगणात मांडव, मांडवात पाळणा, पाळण्यात देव. वरचं कापड मुद्दाम काढून ठेवलेलं, आकाशातून फुलं यायची ना! पायरीजवळ चपलांचा डोंगर. कीर्तन रंगात. इब्राहिमभाई मिरजेहून आलेले. त्यांनी गर्दी बघितली आणि श्रीपतरावांचा हात धरला. "साहेब, कबूल केलं होतं."

"भाई, दोनच मिनिटं."

पाच कमी बारा. यंत्र उठलं! अहो काय आवाज! शेपूट श्रीपतरावांकडे, यंत्र देवळाकडे. छाती फुगली. बापू सोनटक्के टाळ्या वाजवतायत. यंत्र अंगणावर आलं, पोटाखालची फुलांची जाळी उघडली, दोन किलो पाकळ्या सुटल्या —

एक पडली का देवावर? एकही नाही! पात्यांचा वारा खाली कसा येतो, याचा विचार केला होता कुणी? जिथं यंत्र उभं, तिथलं सगळं चहूकडे उडणार! झेंडू भिंतीपलीकडच्या भजीवाल्याच्या कढईत! गुलाल कमिटीच्या डोळ्यांत! सुंठवड्याचं ताट रिकामं! बुवांचा फेटा तुळशीवर! कोण बुवा ते विचारू नका. फेटा माझाच होता!

हसा, हसा. आता हसणं थांबेल.

यंत्र परत आणायचं होतं. परत यायचं म्हणजे वळायचं. ते वळायला लागलं, आणि श्रीपतराव सवयीनं पळायला लागले — त्याच्या मागं जायला. जातात कुठं? पुढं गर्दी, मागं गर्दी, बाजूला भिंत. चार वर्षांत पहिल्यांदा पाय अडले. आणि यंत्राचं तोंड हळूहळू, हळूहळू त्यांच्याकडे झालं.

यंत्र डावीकडं कललं. अंगठ्यानं त्याला सावरलं — उलट्या बाजूला! आणखी कललं. आणखी सावरलं — आणखी उलटं! आणि ते तिरपं होऊन निघालं कुठं? देवळाच्या पायरीकडं. पायरीवर कोण? जिला उठता येत नाही, ती!

"मोटर बंद करा!" इब्राहिमभाई ओरडले. "साहेब, बटण!"

एक बटण होतं, मंडळी. दाबलं की मोटर बंद, यंत्र खाली, चुराडा. श्रीपतरावांचं बोट त्या बटणावर होतं आणि दाबत नव्हतं. एक क्षण! त्या एका क्षणात माणूस काय म्हणाला मनात? "वाचवीन मी. जमेल मला." कुणाला वाचवत होता? आजीला? का यंत्राला?

मग आजीनं वर बघितलं. त्यांच्याकडं नव्हे, यंत्राकडंही नव्हे. पाळण्यावरच्या रिकाम्या आकाशाकडं. फुलं शोधत होती ती!

बटण दाबलं गेलं.

यंत्र पायरीच्या अलीकडं पाच हातांवर कोसळलं. कशात? चपलांच्या ढिगात! गावभरच्या चपला उडाल्या, पात्यांच्या चिंध्या झाल्या. कुणाला ओरखडा नाही. त्याची कृपा! आपली लायकी नव्हती.

बारा वाजून चार मिनिटं झाली. पाळणा हलला नव्हता. देवावर फूल नव्हतं.

श्रीपतराव आजीपुढं येऊन उभे. रिमोट गळ्यात लोंबतोय. आजीनं पदराची गाठ सोडली. आत शेवंतीची पाच-सहा फुलं. आणली होती म्हातारीनं! दोन किलोंवर तिचा विश्वास नव्हता, एवढंच!

"हात दे," ती म्हणाली. "दोन्ही दे. एका हातानं मला उठवत न्हाई."

मंडळी, आता डोळ्यांपुढे आणा. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. ती पुढं चालणार, म्हणजे हे उलटे चालणार. मागं मागं, पाळण्याकडं. तोंडासमोर तोंड! तिचा डावा पाय, यांच्या उजव्या हाताला. ती डावीकडं झुकली की यांनी उजवीकडून धरायचं. तेच कोडं! चार वर्षं ज्याला पाठ दाखवली तेच!

चुकले का?

एकदासुद्धा नाही! बारा पावलं. ती झुकली तिथं हे झुकले, ती थांबली तिथं हे थांबले. कारण आता यंत्राची शेपूट नव्हती बघायची, माणसाचं तोंड बघायचं होतं. आजीनं ओंजळ वर केली. कापत होती, म्हणून खालून श्रीपतरावांनी आपली धरली. फुलं पडली. दोरी ओढली गेली. पाळणा हलला, आणि बेलसऱ्यातल्या बायांनी जो पाळणा म्हटला!

पुढं काय? मोठं यंत्र पुन्हा जोडलं नाही. सकाळी मैदानात श्रीपतराव आहेत, समोर ते जत्रेतलं, जमिनीपासून दोन वीत उंच, तोंड त्यांच्याकडे. पडतं. उचलतात. पुन्हा उभं करतात. प्रदक्षिणा बंद! आणि देवळाच्या पायऱ्यांना लेथवरच्या हातांनी एक लोखंडी कठडा बसलाय. आजी त्याला धरून चढते.

आता तुम्ही! काय हसलात हो मघाशी! पांचाळांवर हसलात. तुमच्या घरी काय आहे? बोलायला माणूस नाही, आणि भिंतीएवढा टीव्ही! आईशी समोर बसून दोन शब्द जमत नाहीत, म्हणून तिच्या वाढदिवसाला हॉल घेता! आणि गणपती? हातभर मूर्तीपुढं पाच मिनिटं मन लागत नाही, म्हणून यंदा पंधरा फुटी! मीही सुटलो नाही बरं. गेल्याच महिन्यात या कमिटीकडं मोठे स्पीकर मागितले. माझा आवाज लहान पडतो म्हणून? छे! सांगायला नवं काही नव्हतं म्हणून!

शेपटीमागं पळून किती वर्षं काढणार? ज्याचं तोंड चुकवताय, ते वळणारच आहे तुमच्याकडं. त्या दिवशी पळायला जागा नसेल.

चला, आवरतो. आता उठाल, दाराशी जाल, चपला शोधाल. वाकावं लागेल. वाकाल तेव्हा जरा हळू — अशाच एका ढिगात एका माणसाचं आकाश पडलं होतं. ते कधी ओळखीचं वाटलं, तर तडक घरी जा, आणि तिथं जे कुणी उठता येत नाही म्हणून बसून असेल, त्याच्यासमोर उभे राहा. दोन्ही हात द्या.

आता टाळी द्या, आणि म्हणा माझ्यासोबत — राम, राम, राम!