बंद खोलीतल्या शेताला झेंडूचा हार

परत तोच किस्सा? तुमचा चहा पितोय म्हणून सांगतो, नाहीतर मला हौस नाही.

आम्ही दोघं पार्टनर, लोकांच्या मालाला गाड्या लावून देतो. मार्केट यार्डातली कामं आटली, म्हणून खराडीला गेलो. तिथं बंद खोलीत दिव्यांखाली पालेभाजी पिकवतात. रोज थंड गाडी लागणारं गिऱ्हाईक, हातचं घालवायचं नव्हतं. पार्टनर म्हणाला, "पहिली भेट आहे, रिकाम्या हातानं नको." मंडईतून झेंडूचा हार त्यानंच घेतला आणि रिक्षातून उतरताना माझ्या हातात दिला.

दारातच तिथल्या मॅडम ओरडल्या, "अहो, फुलं आत नको! त्यातली कीड शिरली तर सगळं पीक फेकावं लागेल. कुणी आणली?"

पार्टनर म्हणतो, "मी नकोच म्हणत होतो, मॅडम. काका जुन्या वळणाचे, ऐकत नाहीत."

तोंडात शिवी आली होती. पण भांडलो असतो तर काम गेलं असतं, म्हणून गिळली. मॅडम म्हणाल्या, "काका, आपण बाहेरच थांबा." तो पांढरी टोपी घालून आत गेला आणि मी हार घेऊन फाटकावर उभा. वॉचमन विचारतो, "काय आजोबा, सत्कार कुणाचा?"

काम मिळालं, रोज गाडी जाते. आणि हा गावभर सांगत फिरतो, म्हातारा काम घालवत होता, मी वाचवलं. धंद्यासाठी मी त्याच्याशी भांडत नाही. पण माफी मागायची राहिलीय, आणि ती मागायचीय त्या कोपऱ्यात बशीतला चहा फुंकत बसलेल्या माझ्या पार्टनरनं, नंदू गायकवाडनं.